नावं ठेवण्याचे घरगुती वर्ग

आधी वेळ नीट निवडा. घरातली सगळी मंडळी जमलेली असावीत, टीव्ही चालू असावा आणि मुलं जमिनीवर रंगपेटी पसरून बसलेली असावीत. मुलांचं आपल्याकडे लक्ष नसतं असं मानायची पद्धत आहे, ती मोडू नका. मग एखाद्या मोठ्या पदावर नेमलेली बाई पडद्यावर दिसली, की घसा खाकरून म्हणायचं, "वशिला कोणाचा, ते बघा आधी."

गेल्या रविवारी आमच्या घरी हा वर्ग भरला. मास्तर माझे दीर. बाईंनी इतकी वर्षं काय काय केलं ते निवेदिका वाचून दाखवत होती, पण भावोजींचा निकाल त्याआधीच लागलेला. सगळे हसले.

तर आता पुढचा धडा. कामाबद्दल चुकूनही बोलू नका. केस, वजन, आवाज, हसणं, न हसणं, एवढ्यावर आरामात तासभर निघतो.

लग्न झालेलं नसेल तर "म्हणून जमलं", झालेलं असेल तर "घराकडे बघतं कोण?" दोन्ही वाक्यं पाठ असू द्या.

तिने उलट उत्तर दिलं तर त्याला माज म्हणायचं. 2017 च्या महिला विश्वचषकाआधी भारताची तेव्हाची कर्णधार मिताली राजला कोणीतरी विचारलं, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने विचारलं, पुरुष खेळाडूंना कधी विचारता का, तुमची आवडती महिला क्रिकेटपटू कोण म्हणून? बघा, केवढा हा माज! हेच एखादा कर्णधार बोलला असता तर आपण त्याला बाणेदार म्हटलं असतं. पण तो शब्द जपून वापरायचा असतो.

आणि काहीच सापडलं नाही तर चारित्र्य आहेच. ही युक्ती जुनी आहे, पण कधी फसत नाही. 1911 साली मूळच्या पोलंडच्या, पण फ्रान्समध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञ मेरी क्यूरीला दुसरं नोबेल जाहीर झालं. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली. एका विवाहित शास्त्रज्ञाशी तिचे संबंध आहेत, याचा फ्रेंच वर्तमानपत्रांना रेडियमपेक्षा जास्त उजेड पडला. खाजगी पत्रं छापली. घरासमोर जमाव आला, या परदेशी बाईला हाकला म्हणून. घरात दोन मुली होत्या, इरेन चौदाची आणि ईव्हला सातही पूर्ण नव्हती. त्या जमावातल्या एकाला तरी वाटलं असेल का, की खिडकीच्या आत पोरी आहेत? वर स्टॉकहोमहून नोबेल समितीतल्या माणसाचं पत्र, तुम्ही बक्षीस घ्यायला आला नाहीत तर बरं. म्हणजे बक्षीस द्यायचं तुम्ही, शोध लावायचा तिने, आणि तोंड लपवायचं तेही तिनेच! तिने कळवलं, बक्षीस रेडियम आणि पोलोनियमच्या कामासाठी आहे, माझ्या खाजगी आयुष्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि गेली. इरेनला बरोबर घेऊन गेली. आईची झालेली बदनामी त्या मुलीने पाहिली होती, आता व्यासपीठावर ताठ उभी असलेली आईही पाहिली. 1935 मध्ये इरेनला स्वतःला नोबेल मिळालं.

आमच्या पोरांनी रविवारी काय पाहिलं? आमचे दात.

बुधवारी माझा नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून आला तो खुशीत. वर्गाच्या मॉनिटरपदी एक मुलगी निवडून आली होती. "आई, मी म्हटलं, वशिला कोणाचा ते बघा आधी. सगळे हसले!" बूट काढता काढता सांगत होता. शब्द तेच, घसा खाकरणंही तेच. वशिला म्हणजे काय, विचारलं तर माहीत नाही. हसू येतं एवढं माहीत आहे.

त्याला काय रागवायचं? रागवायचंच तर आपल्याला रागवा. एरवी याच मुलांना आपण सांगतो, मुलगा-मुलगी समान. मुलीच्या निकालाचे फोटो सगळ्यांना पाठवतो. आणि त्याच हातांनी कुठल्याशा बाईची टर उडवणारा व्हिडिओही पुढे ढकलतो. लाज नाही वाटत? "अहो, गंमत हो!" गंमत असेल तर तिच्या तोंडावर करा की. नाही करणार, कारण ती तुमची साहेब असते. मुलांसमोर केलेली बरी, मुलं उत्तर देत नाहीत.

आणि हो, रविवारी मीही हसले होते. मोठ्याने नाही, पण हसले. बरं दिसत नाही ना, सगळे हसत असताना.

माझी पुतणी, भावोजींचीच बारा वर्षांची मुलगी, त्या दिवशी रंगपेटीपाशी बसलेली होती. तिच्याही शाळेत पुढच्या आठवड्यात निवडणूक आहे. काल तिला विचारलं, उभी राहणार आहेस ना गं? रंगाच्या कांडीवरचा कागद सोलत, मान वर न करता म्हणाली, "नको काकू. सगळे काहीतरी बोलतात."