काटा हलेना

जुनी गाडी बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. 'विकायची का?' आणि 'ॲव्हरेज किती देते?' पहिल्याला मी नाही म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर टाकीत पेट्रोल किती आहे ते कळावं लागतं आणि माझ्या 1971 सालच्या फियाटच्या टाकीत काय चाललंय ते एका सिद्धरामेश्वरालाच ठाऊक असायचं. पेट्रोलचा काटा 'रिकामी'वर जो आडवा झाला होता तो उठायलाच तयार नव्हता. टाकी गळ्यापर्यंत भरा, काटा रिकामी. एखाद्या स्पीडब्रेकरवर दणका बसला की क्षणभर दचकून वर यायचा आणि पुन्हा झोपायचा.

घरच्यांचं म्हणणं, विकून टाका. त्यांना मी दोन गोष्टी ऐकवतो. एक, ही गाडी आता विंटेज आहे. 2021 साली केंद्र सरकारने नियमच काढला, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली आणि गाडी मूळ रूपात असली की विंटेज म्हणून नव्याने नोंदवताना तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, फी फक्त 20 हजार. (बायको म्हणाली, मग तो काटाही मूळ रूपात राहू द्या.) दुसरी गोष्ट, सोलापूर हे या गाडीचं माहेर आहे. ती जिथं तयार झाली तो कुर्ल्याचा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, ती कंपनी 1944 साली काढली वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंदशेठ जन्मले 1882 साली, आपल्या सोलापुरात. माहेरी आलेल्या लेकीला कुणी भंगारात घालतं का?

काटा मेला म्हणून पेट्रोल मोजायचं थोडंच थांबतं? पहिला उपाय कानाचा. गाडीचा मागचा भाग दोघांनी धरून हलवायचा, तिसऱ्याने कान लावायचा. 'डुबुक' आलं तर पाऊण, 'डबडब' आलं तर निम्मी, नुसतीच गाडी करकरली तर पंपाकडे. हा प्रयोग अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सकाळी सकाळी चालायचा आणि गॅलऱ्यांत चहाचे कप घेऊन प्रेक्षक जमायचे.

दुसरा उपाय सासऱ्यांनी गावाकडून पाठवला. ज्वारीचं लांब, सरळ चिपाड. टाकीत बुडवायचं, ओलं कुठवर झालं ते बघायचं. कल्पना अस्सल सोलापुरी होती, पण हवाही सोलापुरी होती. मे महिन्यात पारा 42 वर असताना चिपाड बाहेर काढून चष्मा डोळ्यावर चढवेपर्यंत पेट्रोल उडून जायचं आणि हातात कोरडं चिपाड उरायचं. शिवाय त्याचा तुकडा मोडून टाकीत पडला तर पुढे कार्बुरेटरपर्यंतचं रामायण वेगळंच.

रोज 'रिकामी, रिकामी' म्हणणाऱ्या काट्याकडे माणूस किती दिवस बघणार? होटगी रोडवर भर दुपारी गाडी थांबली तेव्हा काटा खरं बोलत होता, एवढंच.

मग सल्ले सुरू झाले. पार्क चौकातल्या मित्राने सांगितलं, मीटर गेलंय. मीटर काढून दुसरं जुनं बसवलं. तेही रिकामी. सात रस्त्याकडचे मिस्त्रीचाचा म्हणाले, "फ्लोट गेलाय सर. आत पितळी भोपळा असतो ना, त्याला भोक पडलं की तो बुडतो." टाकीत हा फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याची दांडी वरखाली होते, दांडीच्या टोकाशी प्रवाहाला कमी-जास्त अडवणारी एक बारीक तार असते आणि त्या हिशोबाने काटा हलतो. शास्त्र पटलं. चाचांनी टाकीवरचे स्क्रू सोडले, फ्लोट बाहेर काढला आणि आत नीट दिसावं म्हणून वाकले. ओठात पेटलेली बिडी. या शहरात बिडी वळणारे हात हजारोंनी आहेत याचा मला अभिमान आहे, पण त्या दिवशी मी जो ओरडलो तो आवाज विजापूर वेशीपर्यंत गेला असावा. भोपळा शाबूत निघाला. तरीही नवा फ्लोट बसला, कारण काढलाच आहे तर बसवून टाकू. काटा रिकामी.

शेवटी कुणीतरी पूर्व भागातल्या, अशोक चौकाकडच्या एका वायरमन अण्णांचं नाव सुचवलं. अण्णा घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गाडीशी कानडी बोलतात. त्यांनी बोनेट उघडलं नाही, मीटरकडे पाहिलं नाही, थेट मागे गेले.

"आतापर्यंत काय काय बदललाव सर?"

मी यादी सांगितली. अण्णांनी मान हलवली. जावयाने पगार सांगितल्यावर सासरे हलवतात तशी.

फ्लोटवरची वायर त्यांनी काढली, टाकीच्या तोंडापासून हातभर लांब नेली आणि बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. "चावी फिरवा." मी फिरवली. काटा उठला. सावकाश, पार 'भरलेली'पर्यंत गेला. इतक्या काळानंतर त्याला तिथं पाहून माझा घसाच दाटला. "मीटर चांगलं, वायर चांगली," अण्णा म्हणाले. वायर परत फ्लोटला जोडली, काटा खाली. मग त्यांनी खिशातून वेगळा एक तुकडा काढला, त्याचं एक टोक फ्लोटच्या चकतीला, दुसरं पत्र्याला. काटा बरोबर निम्म्यावर येऊन थांबला.

"अर्थ नाही वो सर हिला. मीटर हाय, फ्लोट हाय, करंट हाय. परत जायला रस्ता नाही."

अर्थ म्हणजे अर्थिंग. काट्याचा करंट बॅटरीकडे परत जातो तो बॉडीच्या पत्र्यातून, आणि तो रस्ता बुजवला होता पेंटरने. रॅलीत चमकली पाहिजे म्हणून गेल्या वर्षी त्याने टाकीलासुद्धा वर-खाली, स्क्रूच्या भोकांसकट जाड रंग दिला होता. टाकीचा पत्रा बॉडीला कुठंच उघडा टेकत नव्हता. अण्णांनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, एक छोटी वायर टाकी ते बॉडी कायमची जोडली, वर थोडं ग्रीस लावलं. बिल झालं 150 रुपये. मिस्त्रीचाचांच्या बिलात एवढे तर चहाचे होते.

आता काटा चोख आहे. चढावर थोडा डुलतो, तेवढं त्याच्या वयाला शोभतं. फक्त एक जमाखर्च माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तुळजापूर-अक्कलकोट या गाडीतूनच करायचं असतं आणि पुढे बसणाऱ्याची नजर आधी त्या काट्यावर जायची. शहर सुटायच्या आत तो घाबरून म्हणायचा, "अहो, पंपावर घ्या, मी भरतो."

परवा मामेभाऊ आला. अक्कलकोटला निघालो. पंप जवळ आला तसा मी वेग कमी केला. त्याने डॅशबोर्डकडे वाकून पाहिलं, पाठ मागे टेकली आणि म्हणाला, "चला की दादा. भरपूर आहे."