रुळांकडे पाठ केलेलं चर्च

नमस्कार. एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. फिनलंडमधल्या वान्ता इथलं म्यूरमॅकी चर्च तुम्हाला विमानतळावरून हेलसिंकीला जाताना रेल्वेगाडीतून दिसलं, आणि ते गोदामाच्या भिंतीसारखं, उंच इमारतींत हरवलेलं वाटलं. शिवाय बाकं रिकामी राहणाऱ्या देशात असला खर्च कशाला, असंही विचारलंत.

तुम्ही पाहिलीत ती मागची बाजू. १९७५ साली सुरू झालेला लोहमार्ग एका अंगाला, बर्चची झाडी दुसऱ्या अंगाला, आणि मधे जमिनीची लांबट पट्टी. वास्तुरचनाकार युहा लेइविस्का यांनी १९८४ साली पूर्ण झालेल्या या वास्तूत रुळांच्या बाजूला भिंती रचून गाड्यांचा आवाज अडवला आणि चर्च झाडांकडे उघडलं. उंच मनोरा हवा होता म्हणता, पण कौलारू गावात उठून दिसणारा मनोरा या फ्लॅटच्या वस्तीत काय दिसणार? इमारतींशी उंचीची चढाओढ केली नाही, हेच मला शहाणपणाचं वाटतं.

सगळी कमाल आत आहे. एकामागे एक उभ्या भिंती, मधे अरुंद फटी, आणि उजेड तिथून झिरपत येतो. खिडकी नेमकी कुठे, ते पटकन कळतही नाही. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम सहा तासांचा, म्हणून छतावरून सोडलेल्या असंख्य दिव्यांवर मोठी भिस्त. तेही लेइविस्कांनीच घडवलेले. वेदीजवळची फिक्या रंगांची विणलेली वस्त्रं क्रिस्टिना न्यूरहिनेन यांची. लेइविस्का स्वतः उत्तम पियानो वाजवत, आणि दक्षिण जर्मनीतल्या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या अलंकृत शैलीच्या) चर्चमधल्या प्रकाशाचं त्यांना फार वेड. (‘आधुनिक म्हणजे कोरडं’ हे तुमचं वाक्य इथे तरी मला पटत नाही.)

आता पैसा. रविवारी गर्दी नसते, हे खरंच. पण तिथल्या ल्युथरन (प्रोटेस्टंटांपैकी एक पंथ) चर्चचं काम रविवारपुरतं नाही: बाप्तिस्मे, पंधराव्या वर्षीची दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीची, शिबिरं (चर्चला एरवी न फिरकणारी मुलंही जातात), लहान मुलांचे गट, अडचणीतल्यांना मदत. फ्लॅटच्या वस्तीत चार माणसं एकत्र जमायला जागा लागतेच, म्हणून प्रार्थनागृहाला जोडून इतर खोल्याही आहेत. सभासद उत्पन्नाच्या साधारण एक ते दोन टक्के चर्च-कर भरतात, तो सरकारी करखातंच गोळा करतं; नको असेल त्याला सभासदत्व सोडता येतं, आणि बरेच जण सोडतातही. चर्चच्या स्थानिक मंडळाची निवड हे सभासदच दर चार वर्षांनी करतात, मतदानाचं वय सोळा. खर्चाचा जाब त्यांनी विचारावा. तुम्ही-मी तो कर भरत नाही.