काचेवरचा कागद

काल रात्री उशिरा मैत्रिणीचा फोन आला. तिच्या रेस्टॉरंटची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली. आवाज शांत होता, पण वाक्यं अर्ध्यावर सुटत होती. संध्याकाळी ती आतल्या अंधारात उभी असताना काचेबाहेर दोघं जण ‘लवकरच भेटू’चा कागद वाचत थांबले होते. त्यातला एक म्हणाला, “कित्येक महिने हेच लिहिलंय. पैसे संपले असणार.” काच पातळ असते. तिला सगळं ऐकू आलं.

मी गेली 16 वर्षं हॉटेलांची आणि बारची किचनं आखते. पैसे संपतात, भागीदारांत बिनसतं, हे होतं, मी नाकारत नाही. पण मी जवळून पाहिलेल्या बहुतेक रखडलेल्या कामांत कारण यातलं एकही नव्हतं. ते भिंतीच्या आत, फरशीखाली किंवा एखाद्या फायलीत होतं. बाहेरून नजर पोचत नाही अशा जागी. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी फरशी. घरात फरशी म्हणजे फरशी. किचनमध्ये फरशीच्या आधी ड्रेन, ड्रेनच्या आधी उतार, उताराच्या आधी पाइप, आणि पाइप कुठून जाणार हे ठरवायला प्रत्येक यंत्राची जागा पक्की झालेली हवी. भांडी धुण्याचं मशीन डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीला न्यायचं तर माझ्या ड्रॉइंगवर दहा मिनिटांचं काम आहे. जागेवर मात्र त्यासाठी कोबा फोडावा लागतो. मग पुन्हा वॉटरप्रूफिंग, पुन्हा पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावर ओल उतरते का ते बघणं, पुन्हा कोबा. आणि कोबा आपल्या वेळेनेच वाळतो. सिमेंट-वाळूच्या थराचा जुना ढोबळ हिशेब दिवसाला 1 मिलिमीटर असा आहे. 50 मिलिमीटरचा थर असेल तर सात आठवडे झाले. तेवढं न थांबता वर इपॉक्सी, म्हणजे जमिनीवर ओतायचा घट्ट, गुळगुळीत लेप, ओतलं की आतला ओलावा वर यायला बघतो आणि जमिनीला फोड येतात. एका कामात मालकाला दहा दिवस वाचवायचे होते. सगळी जमीन उकरून नव्याने करण्यात पाच आठवडे गेले. तेव्हा मी पुरेशा ठामपणे नाही म्हटलं नव्हतं, ही बोच अजून आहे.

जागा आधी ऑफिस किंवा कपड्यांचं दुकान असेल तर अडचणी दुप्पट. कागदोपत्री तिचा वापरच वेगळा असतो, तो आधी बदलून घ्यावा लागतो. पाण्याची लाइन दोन वॉशबेसिनपुरती. विजेचा मंजूर भार चार एसी आणि काही कॉम्प्युटर चालतील इतका. किचनचा भार त्याच्या कितीतरी पट असतो. तो वाढवून मागितला की वीज कंपनी केबलची आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासते, आणि ती पुरेशी नसेल तर पुढचं काम कुणाच्याच हातात राहत नाही. जुन्या इमारतीत फॉल्स सिलिंग उघडलं की नकाशात नसलेली बीम सापडते. ती नेमकी आपल्या डक्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळाच्या, वाटेत असते.

डक्टबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात. मध्यम आकाराच्या किचनचा हूड, म्हणजे शेगड्यांवरचं धूर खेचणारं छत्र, तासाला काही हजार घनमीटर हवा खेचतो. ती तेलकट, गरम हवा वेगळ्या डक्टमधून बहुतेक वेळा थेट गच्चीवर न्यावी लागते. वाटेत जितके मजले, तितक्या लोकांची परवानगी. कुणाच्या खिडकीजवळून जाणार, आवाज किती येणार, वास कुठे सुटणार, हे सगळे रास्त प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं द्यायलाच हवीत. डक्टमध्ये चरबीचा थर साचतो, तो पेट घेऊ शकतो, म्हणून पत्र्याची जाडी, जोडांचं वेल्डिंग, साफसफाईसाठी ठेवलेली झाकणं, सगळं तपासलं जातं. आणि बाहेर टाकली तेवढी ताजी हवा आत आणावी लागते, हे तर अनेक मालकांना शेवटपर्यंत माहीत नसतं. ती आणली नाही तर पुढचं दार ओढूनही उघडत नाही, बर्नरची ज्योत वाकते आणि धूर हूड सोडून बसायच्या जागेत पसरतो. मग तयार, रंगवलेलं सिलिंग पुन्हा उघडतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, परवा तर रंग झाला होता, आता काय तोडतायत?

“ताई, आता फक्त फिनिशिंग राहिलंय,” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. ते म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला जे दिसतं ते खरंच झालेलं असतं. दिवे लागलेत, खुर्च्या आल्यात, भिंतीवर चित्रं आहेत. पण गॅसलाइनची प्रेशर टेस्ट बाकी असते, हूडमधली आग विझवणारी यंत्रणा बसलेली असते पण चाचणी झालेली नसते, ग्रीस ट्रॅप जमिनीत असतो पण त्यावर तपासणाऱ्याची सही नसते. ग्रीस ट्रॅप म्हणजे सिंकच्या पाण्यातली चरबी अडवणारी टाकी. गरम पाण्याबरोबर वाहून गेलेली चरबी पुढे गटारात थंड होऊन घट्ट बसते. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागाखाली 2017 साली असा गोळा सापडला होता, 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा. त्यामुळे या टाकीचा आग्रह धरणाऱ्या खात्यावर मला राग काढता येत नाही.

माझा राग आहे तो रांगेवर. परवानग्यांची नावं देशागणिक, शहरागणिक बदलतात, पण रांग सगळीकडे ओळखीची असते. आरोग्य तपासणीवाल्यांना पाणी-वीज चालू आणि किचन पूर्ण बसलेलं हवं. गॅस चालू करायला गॅसलाइनच्या कामाचा दाखला हवा. अग्निसुरक्षेच्या तपासणीला गॅस आणि हूड एकत्र चालताना दाखवायला हवेत. आणि वापराचा अंतिम दाखला या सगळ्यांनंतर. म्हणजे एकाची भेट पुढे गेली की मागचे सगळे पुढे. तपासणारा आला, एका बाहेर पडायच्या दाराची कडी चुकीची निघाली, तर कडी वीस मिनिटांत बदलून होते. पण पुढची भेट तीन आठवड्यांनी मिळते. वाया गेलेल्या वेळात कडी बदलण्याचा भाग वीस मिनिटांचा आहे, बाकी सगळा वाट बघण्याचा आहे. या तपासण्यांची वेळापत्रकं एकमेकांना जोडावीत, आणि किरकोळ दुरुस्तीचा फोटो पाठवून पुन्हा भेट न देता मंजुरी मिळावी, एवढंही झालं तर कित्येक आठवडे वाचतील.

तपासण्याच काढून टाका, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मात्र मी कधीच उभी राहणार नाही. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला 28 नोव्हेंबर 1942 ला आग लागली आणि 492 माणसं गेली. मुख्य दार फिरतं होतं, गर्दीच्या रेट्याने ते अडकलं. इतर काही दारांना कुलपं होती, काही आत उघडणारी होती. ब्राझीलमधल्या सांता मारियाच्या किस नाइटक्लबमध्ये जानेवारी 2013 मध्ये 242 जण गेले. छताला आवाज शोषण्यासाठी लावलेल्या फोमने पेट घेतला आणि त्याचा विषारी धूर झाला. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, त्याला कुलूप नको, सजावटीचं सामान पेटणारं नको, आत किती माणसं मावतील ते लिहून ठेवा, हे नियम अशा रात्रींनंतर कडक होत गेलेत. कुणी क्लायंट मला म्हणाला की मागच्या दाराचं नंतर बघू, तर मी ते काम सोडते. दोनदा सोडलंय.

बारचं आणखी वेगळं. दारूचं लायसन्स बहुतेक ठिकाणी माणूस आणि जागा या दोन्हींना बांधलेलं असतं. अर्जदाराची पार्श्वभूमी तपासतात, शेजाऱ्यांना हरकत घ्यायला मुदत देतात, शाळा किंवा प्रार्थनास्थळ किती अंतरावर आहे ते मोजतात. सोबत जागेचा नकाशा जोडावा लागतो, त्यात पेयं कुठे दिली जाणार आणि साठा कुठे राहणार ते दाखवलेलं असतं. मग सुतार सांगतो की काउंटर दोन फूट सरकवला तर बरा दिसेल, मालकाला पटतं, आणि नकाशा जुळेनासा होतो. त्यात लायसन्स हातात येईपर्यंत घाऊक विक्रेता माल देत नाही. म्हणजे बार तयार, बारटेंडर तयार, शिकायला बाटली नाही. काउंटरखाली तर आणखी एक किचन असतं: बर्फाची पेटी, तिचं पाणी नेणारा वेगळा ड्रेन, ग्लास धुण्याचं मशीन, थंड लाइन. आणि वरचा दगड कापायचं माप सुतारकाम पूर्ण झाल्याशिवाय घेता येत नाही.

यंत्रं वेळेवर आली तर नशीब. मोठे ओव्हन आणि कोल्ड रूम ऑर्डर दिल्यावर बनतात. 2021 मध्ये जगभर चिपांची टंचाई होती, तेव्हा किचनची यंत्रंही त्यात अडकली. एका पॅनेलसाठी अख्खं किचन थांबलेलं मी पाहिलंय.

आता पैशांकडे येते, कारण मला खरं सांगायचंय ते इथे आहे. जागा घेताना घरमालक कामासाठी काही महिने भाडं माफ करतो. ते महिने मोजायला सुरुवात होते किल्ली हातात पडते त्या दिवसापासून. त्या दिवशी ड्रॉइंग मंजूर नसतात, वापर बदललेला नसतो, विजेचा अर्जही गेलेला नसतो. माफीचे निम्मे दिवस टेबलावर संपतात आणि भाडं सुरू होतं ते धुळीने भरलेल्या खोलीचं. मग आचारी नेमलेले असतात, त्यांना पगार द्यायचा की सोडून द्यायचं? सोडलं तर परत मिळत नाहीत. ठेवलं तर उघडायच्या दिवशी खेळतं भांडवल उरत नाही. “पैसे संपले असणार” हे त्या माणसाचं म्हणणं कधी कधी खरं ठरतं, पण उलट्या क्रमाने. उशिरामुळे पैसे संपतात.

म्हणून जो कुणी मला विचारायला येतो, त्याला मी ड्रॉइंगच्या आधी करारावर सही झाली आहे का ते विचारते. झाली नसेल तर माझं म्हणणं एवढंच असतं: भाड्याची तारीख किल्लीला बांधू नका, मुख्य परवानगीला बांधा. आणि सही करण्याआधी एक इंजिनीअर, एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन घेऊन जागा बघा. सिलिंगची एक फळी काढून वर टॉर्च मारा. डक्ट गच्चीपर्यंत जाऊ शकतो का, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर ती जागा कितीही देखणी असो, सोडा. अनेक घरमालक परवानगीची अट मान्य करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण विचारलंच नाही असे भाडेकरू मी जास्त पाहिलेत.

तारीख जाहीर करण्याबद्दलही बोलायला हवं. माणूस आपल्या कामाचा अंदाज कमीच धरतो. 1994 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले 55. तिथे एकटा माणूस आणि एक प्रबंध होता. इथे समजा एकामागून एक दहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा वेळेवर होण्याची शक्यता 90 टक्के आहे. इतकी चांगली शक्यता मी प्रत्यक्षात पाहिलेली नाही, तरी धरू. दहाही वेळेवर होण्याची शक्यता निघते जेमतेम 35 टक्के. मालक जी तारीख सगळ्यांना सांगतो ती नेमकी या 35 टक्क्यांवर उभी असते. तपासण्या संपेपर्यंत आमंत्रणं छापू नका, हे मी हात जोडून सांगते.

आणि उशीर झाला की लोक जी शेवटची गोष्ट कापतात, ती कापू नका. ट्रायलचे दिवस. परवानगीचा कागद हातात आला की भाड्याच्या धास्तीने दुसऱ्याच दिवशी दार उघडतात. ऑर्डर घेणाऱ्याला टेबलांचे नंबर पाठ नसतात, किचनमध्ये कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं नसतं, कोल्ड रूमचं तापमान एक आठवडाभर नोंदवून पाहिलेलं नसतं. एवढे महिने सोसून मिळवलेलं पहिलं गिऱ्हाईक तिथे गमावलं जातं.

मैत्रिणीकडे उरलंय ते हूडच्या यंत्रणेची फेरतपासणी आणि मागच्या दारावरचा ‘बाहेर’ असं दाखवणारा बोर्ड. बोर्डावरचा दिवा वीज गेल्यावर बंद पडत होता, बॅटरी नवीन बसवली. काल फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, “अगं, काचेवरचा कागद काढून टाकू का?” मी म्हटलं, राहू दे, फक्त तारीख खोड. तिने खोडली आणि फोटो पाठवला. उद्या सकाळी अकराला तपासणारे येणार आहेत. मी साडेदहाला तिथे असेन.