हप्ता कोणाच्या पगारावर?

"बँक देतेय तर घ्यावं ना? पुढे पगार वाढतीलच की." धाकट्याच्या तोंडून एवढंच निघालं, आणि काल कट्ट्यावर दुसरा विषयच निघाला नाही.

धाकटा आमच्यात सगळ्यात लहान, अजून तिशी गाठलेली नाही. नवरा-बायको दोघं कमावतात, पहिलं घर घ्यायचंय. बँकेने दोघांचे पगार एकत्र धरून कर्जाचा जो आकडा सांगितला, तो त्यांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. तेव्हापासून यांना आवडणारं घरही मोठं झालंय.

मास्तरांचं मत ठरलेलं. "घाई कसली आहे? भाड्याने राहा, आणखी पाच वर्षं साठवा, मग घ्या."

यावर धाकटा उसळला, आणि त्याचं उसळणं मला रास्त वाटलं. तो म्हणाला, "मास्तर, घराची किंमत शंभर धरा. मला वीस आधी भरायचे आहेत. वर्षाला चार बाजूला टाकले तर पाच वर्षांत वीस जमतात. पण किंमत वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर तोवर घर १३४ च्या आसपास जातं आणि वीसऐवजी जवळपास २७ लागतात. माझ्या पैशांवर सहा टक्के व्याज मिळालं तरी साडेबावीसच होतात. म्हणजे पाच वर्षं पोटाला चिमटा काढून मी चार-साडेचारने मागेच."

मास्तर गप्प बसले नाहीत. किंमत दरवर्षी सहा टक्के वाढतेच असं कुणी लिहून दिलंय का, हा त्यांचा प्रश्न. बरोबरच आहे, काही वर्षं किमती जागच्या हलत नाहीत, कधी उतरतातही. पण साठवणाऱ्या पोराची कोंडी खोटी नाही, हे मोठ्यांनी मान्य करायला हवं. "आम्ही नाही का साठवून घेतलं," हे वाक्य मला आता ऐकवत नाही. घराच्या किमती आणि पगार यांच्यात तेव्हा जे अंतर होतं ते आज तेवढंच राहिलेलं नाही.

शिवाय वीस म्हणजे निव्वळ वीस नसतात. सरकारी कर, नोंदणी, वकील, सामान हलवणं, आत गेल्यावरची दुरुस्ती, यातल्या बऱ्याच गोष्टींना बँक कर्ज देत नाही. बहुतेक जण तिथेच हातचं सगळं खर्चून बसतात. ताईने इथे एक चांगला मुद्दा काढला. घराचे पैसे आणि अडीअडचणीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवायचे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून लाइफटाइम आयसा नावाचं खातं आहे. त्यात तरुणांनी वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरायचे, सरकार वर २५ टक्के घालतं. योजना चांगली, पण घर किंवा म्हातारपण सोडून दुसऱ्याच कारणासाठी पैसे काढले तर एकूण रकमेतून २५ टक्के कापले जातात. हजार भरले, सरकारचे अडीचशे आले, आणि मध्येच नड आली तर हातात ९३७.५० पडतात. स्वतःच्याच हजारातले साडेबासष्ट गेले. "ज्याच्याकडे नडीसाठी दुसरं खातं नाही, त्यालाच हा फटका बसतो," ताई म्हणाली.

मग बँकवाल्याने फोन काढला. हा कर्ज विभागात काम करतो, रोज हेच बघतो. "हप्ता जड वाटतो म्हणून लोक मुदत वाढवून घेतात. त्याची किंमत किती पडते ते बघा." नऊ टक्के दर, कर्ज एक लाख. वीस वर्षांना महिना ९०० चा हप्ता, तीस वर्षांना ८०५ चा. महिन्याला ९५ वाचले. पण वीस वर्षांत एकूण २ लाख १६ हजार भरावे लागतात, तीस वर्षांत २ लाख ९० हजार. पहिल्या महिन्याच्या ९०० मधले ७५० व्याजाला जातात, मुद्दल फिटतं जेमतेम दीडशे. पाच वर्षांत ५४ हजार भरून झाल्यावर लाखातले अजून ८८,७०० उभेच असतात. तीस वर्षांच्या कर्जात तर पाच वर्षांनी फिटलेलं असतं फक्त ४,१००.

धाकट्याने ते आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. हे कोष्टक पहिल्या भेटीतच प्रत्येक कर्जदारापुढे ठेवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हप्ता सगळ्यांना सांगतात, पाचव्या वर्षी किती देणं उरेल हे कुणी आपणहून सांगत नाही.

"आणि दर बदलता असेल तर?" मास्तरांनी विचारलं. बँकवाला म्हणाला, दर नऊचा दहा झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० महिन्यांचे ३१४ होतात. अकरा झाला तर लाखावर महिन्याचं व्याजच ९१७ होतं. ९०० चा हप्ता त्या व्याजालाही पुरत नाही. दरमहा भरूनही कर्ज वाढत जातं. २००८ च्या आधी अमेरिकेत पहिली दोन वर्षं कमी दर आणि मग एकदम उडी, अशी कर्जं सर्रास दिली गेली. दर चढले, किमती पडल्या, आणि घर विकूनही देणं फिटेना अशी वेळ लाखो कुटुंबांवर आली. म्हणूनच कॅनडात बँका ठरलेल्या दरात २ टक्के मिळवून किंवा ५.२५ टक्के धरून, यांतला जो जास्त त्या दराने, माणसाला हप्ता झेपेल का ते आधी तपासतात. ब्रिटनमध्येही २०१४ ते २०२२ अशी अट होती, तिथे तीन टक्के मिळवून.

इथे मी तोंड उघडलं. दर वाढेल का, याची तपासणी बँक करते. पगार थांबेल का, याची कोण करतं? माझं म्हणणं साधं आहे. दोघं कमावत असले तरी हप्ता एकाच पगारावर बसला पाहिजे. नोकरी जाते, आजारपण येतं, मूल होतं, आईवडिलांचं बघावं लागतं. वीस वर्षांत यातलं एकही झालं नाही असं घर मी तरी पाहिलेलं नाही. दुसरा पगार आहे तोवर त्यातून मुद्दल फेडावं. वर्षाला एक हप्ता जादा भरला तरी वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. तोच दुसरा पगार पहिल्या दिवसापासून हप्त्यात अडकवला तर हातचं काहीच उरत नाही.

ताई माझ्यावर चिडली, आणि कालच्या सगळ्या वादातलं मला सर्वात पटलेलं तिचंच बोलणं. "एक पगार म्हणजे कुणाचा? तुम्ही सगळे मनातल्या मनात तिचाच वजा करताय. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याआधी बँका हेच करायच्या, बायकोचा पगार अर्धा धरायच्या, कित्येकदा धरायच्याच नाहीत. का, तर ती उद्या मूल झालं की घरी बसणार. त्यासाठी बायकांना भांडून कायदा करून घ्यावा लागला. आणि तू इथे बसून तेच शहाणपण म्हणून सांगतोस?"

माझ्या मनात ते नव्हतं, पण नुसतं 'एका पगारावर' म्हटलं की लोक काय ऐकतात ते ती बरोबर सांगत होती. मग हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा ठरला. आधी त्याचा पगार थांबला असं धरायचं, मग तिचा. जो पगार लहान, त्याच्यावर हप्ता आणि घरखर्च दोन्ही निघाले तर उत्तमच. नाही निघाले तर दरमहा कमी पडणाऱ्या रकमेला सहाने गुणायचं आणि तेवढी रक्कम डाउन पेमेंटला हात लावण्याआधी वेगळी ठेवायची. ती जमत नसेल तर कर्ज कमी करायचं.

बँकवाल्याची हरकत रोकडी होती. या चाळणीतून गेलं तर निम्म्या तरुणांना घरच मिळणार नाही, म्हणाला. त्याच्यापाशी येणारी पोरं याच वाटेने येतात आणि बहुतेकांचे हप्ते वेळेवर येतात, हेही त्याने सांगितलं. मला ते खोटं वाटत नाही. हप्ते येतात, पण ते कशातून येतात? नको झालेली नोकरी सोडता येत नाही, मूल लांबवलं जातं, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लागतो. बँकेच्या वहीत यातलं काही दिसत नाही.

वडिलांचा विषय निघाला तसं धाकट्याने सांगून टाकलं की डाउन पेमेंटमधला मोठा वाटा तिकडूनच येणार आहे. मास्तरांनी एकच विचारलं, "त्यांच्याकडे स्वतःच्या आजारपणापुरते उरतात का?" त्याने ते विचारलेलं नव्हतं. घरी विचारतो म्हणाला.

तिथेच फोनवर त्याने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. त्याच्या पगारावर ओढूनताणून बसतंय, तिच्या पगारावर अजिबात बसत नाही. "मग एक खोली कमी?"

"एक खोली कमी किंवा दोन वर्षं उशीर," ताई म्हणाली. "पण ते इथे ठरवू नकोस. कर्जावर सही तिचीही असणार आहे, हा कागद तिच्यापुढे ठेव आणि दोघं मिळून ठरवा."

मास्तरांचं आणि माझं मात्र सहा महिन्यांवरून अजून जुळलेलं नाही. त्यांना राखीव रक्कम वर्षाची हवी, कारण चाळिशीत गेलेली नोकरी सहा महिन्यांत परत मिळत नाही, आणि वीस वर्षांचं कर्ज चाळिशी ओलांडूनच संपतं. मला वर्षाची अट घातली तर पोरं राखीव रक्कम ठेवायचंच सोडून देतील असं वाटतं. बँकवाल्याने तोडगा सुचवला की सुरुवात सहाने करावी आणि दर पगारवाढीला एक महिना वाढवत न्यावा. मास्तर विचार करून सांगतो म्हणालेत.