‘माझ्या भावाला सूर नको, न्याय हवा होता’ : या प्रतिक्रियेला उत्तर

नोकरीत दुखावलेली माणसं दर रविवारी आमच्याकडे तानपुऱ्याबरोबर सूर धरायला जमतात, त्यावर तुमची ही प्रतिक्रिया. “कंपनीने माणसाचा जीव काढायचा आणि तुम्ही त्याला तानपुऱ्यासमोर बसवून गप्प करायचं, हे मालकांच्याच सोयीचं काम आहे,” असं तुम्ही लिहिलंत. ध्वनिउपचार म्हणजे थोतांड, हेही लिहिलंत. तुमच्या भावाने वरिष्ठाच्या छळाला कंटाळून नोकरी सोडली, तो आता घराबाहेर पडत नाही. त्याला गाणं नको होतं, त्या वरिष्ठावर कारवाई हवी होती. तुमचा राग मला परका नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

थोतांडाचं आधी. ४३२ हर्ट्झ कंपनसंख्येचा सूर ऐकल्याने आजार जातात, अमुक वाडग्याच्या नादाने तमुक चक्र उघडतं, हे सगळं विकलं जातं आणि दुखावलेली माणसं ते विकत घेतात. त्याची मला चीड आहे. आपल्या संगीतात तर हा दावा टिकतच नाही. आपला षड्ज, म्हणजे सा, एका कंपनसंख्येला बांधलेला नसतो. कुणी पेटीच्या काळी एक पट्टीचा सा धरून गातं, कुणी काळी चारचा, आणि तानपुरा ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे लावतात. सगळ्यांना बरं करणारा असा एक आकडा नाही.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी जे चालतं ते फार साधं आहे. तानपुरा लागतो. खालचा सा जमेल तितका लांब धरायचा, दम संपला की थांबायचं, पुन्हा धरायचा. एकाचा श्वास संपतो तेव्हा शेजारच्याचा चालू असतो, त्यामुळे खोलीतला सूर तुटत नाही. लांब स्वर धरला की श्वास मंदावतो, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लागतो, आणि त्या लांब उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती खाली येते. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. ख्रिस्ती लोकांची लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. ती २३ माणसं निरोगी होती. त्यामुळे या अभ्यासावरून मानसिक आघात बरा होतो असं मी म्हणणार नाही. श्वास आणि काळीज जागेवर येतं, एवढंच म्हणते.

पण हे ‘एवढंच’ कुणाला लागतं ते सांगते. मी ज्या खासगी बँकेत होते तिथे रोज सकाळी रिव्ह्यू कॉल असे. खाती किती उघडली, विमा किती विकला. आकडा कमी असेल त्याची सगळ्या शाखांच्या कानावर जाईल अशी खरडपट्टी. नोकरी सोडली तरी त्या कॉलची रिंगटोन मंडईत कुणाच्या फोनवर वाजली की माझे हात गार पडत, पिशवी धरवत नसे. हे मनाच्या कमकुवतपणाने होत नाही. शरीर त्या आवाजानंतर काय येतं ते शिकलेलं असतं. म्हणूनच आमच्याकडे घंटा नाही, झांज नाही, मोठा गाँग तर नाहीच. धसका घेतलेल्या माणसाला अचानक दणका बसला तर तो अधिकच बिघडतो. डोळे मिटायची सक्ती नाही. दाराजवळची जागा नव्या माणसासाठी मोकळी ठेवतो. काय झालं ते कुणी विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर चहाच्या वेळी सांगतात.

आता न्यायाचं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रार तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. हे तीन महिने कागदावर पुरेसे दिसतात. आमच्यात एक जण आली तेव्हा त्यातले बरेच दिवस उलटून गेले होते. लिहायला बसली की तिला ओकारी यायची. वकील होता, घरचे पाठीशी होते, तरी अर्ज पुढे सरकत नव्हता. ती काही आठवडे नुसती येऊन बसली, मग गायला लागली. एका रविवारी गाणं झाल्यावर म्हणाली, “आत्ता लिहूया.” एक निवृत्त शिक्षिका तिच्या शेजारी बसली, दुसरी मेसेज तारीखवार लावत गेली, मी टाइप केलं. अर्ज मुदतीत गेला. याहून अधिक लिहीत नाही, कारण तक्रारदाराची ओळख उघड करायला तो कायदाच मनाई करतो, आणि ते योग्य आहे.

तिला गप्प कोण करत होतं, सांगा. तानपुरा नक्कीच नाही.

तुमच्या भावाची अडचण याहून अवघड आहे. वरिष्ठ रोज चारचौघांत अपमान करतो, सुट्टी अडवतो, रात्री अकराला फोन करतो. त्यासाठी २०१३सारखा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तो हवा, आणि त्यासाठी बोलायला मी तुमच्या बाजूने उभी आहे. पण तोवर ही माणसं घरात एकटी बसून स्वतःलाच दोष देत राहतात. आपल्यासारखं आणखी कुणाचं झालंय हे ऐकल्यावर ‘मीच कमी पडलो’ हे सुटायला लागतं, हे मी आमच्या खोलीत पाहिलंय. तिथल्याच तिघांनी पुढे थकलेला पगार आणि अनुभवपत्र यासाठी मिळून पत्रव्यवहार केला. एकट्याने कुणीच केला नसता.

भावाला आणायचं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तिथे गाण्याचं काम नाही. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. औषध किंवा समुपदेशन चालू असेल तर ते बंद करून आमच्याकडे येऊ देऊ नका. फी नाही. तो गायला तयार नसेल तर नुसता बसू दे, अर्ध्यावर उठून गेला तरी कुणी हाक मारणार नाही. तुम्हीही या त्याच्याबरोबर, आणि तुमचा आक्षेप सगळ्यांसमोर मांडा. त्यावर बोलायला तिथे माझ्याहून जास्त सोसलेली माणसं आहेत.