‘स्टेरॉइडनेच मरतात’ म्हणे!

माझ्या मावशीच्या पोटरीवर पायोडर्मा गँग्रेनोसमची जखम आहे. तिने परवा सकाळची प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची, गोळी घेतलीच नाही, कारण भाचेसुनेने एक फॉरवर्ड पाठवला होता. ‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात आणि शेवटी हात जोडलेल्यांची रांग. मजकूर थोडक्यात असा: हा मांस खाणाऱ्या जंतूंचा रोग आहे, शरीर खात खात हृदयापर्यंत पोचतो, घरात पसरतो. दहातले नऊ रुग्ण वर्षभरात जातात, तेही रोगाने नव्हे तर स्टेरॉइडने. म्हणून गोळ्या आजच बंद करा, सडलेलं खरवडून काढा, वर बिब्ब्याचं तेल लावा. वांगं, दही, आंबट वर्ज्य.

जंतूंचं आधी उरकते. 1930 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या आजाराला हे नाव दिलं, तेव्हा त्यांनाही जंतूंचाच संशय होता. पुढे तो टिकला नाही. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिथरून त्वचेवर तुटून पडतात, असा हा प्रकार आहे. एकाचा दुसऱ्याला होत नाही. मावशीचं ताट-वाटी वेगळी काढली असेल तर मुकाट्याने परत मांडणीत ठेवा.

‘खरवडून काढा’ वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. या आजारात त्वचेला इजा झाली की तिथेच रोग उसळू शकतो. याला पॅथर्जी म्हणतात आणि साधारण पाव ते एक-तृतीयांश रुग्णांत ती दिसते. रक्त तपासायला सुई टोचली, तिथे पुळी आली आणि पुळीचा व्रण झाला, असंही घडतं. मावशीची जखम मी जवळून पाहिली आहे. कड जांभळट आणि खालून पोखरलेली, भोवती लाल पट्टा, मध्ये पिवळट, बुळबुळीत थर. बघणाऱ्याला वाटतंच की ही घाण काढून टाकावी. निदान होण्याआधी एका डॉक्टरांनी ती काढलीही, आणि रुपयाएवढी जखम बघता बघता तळहाताएवढी झाली. आता ड्रेसिंग बदलताना सिस्टर गॉजवर सलाइन ओततात आणि ते आपोआप सुटेपर्यंत थांबतात, ओढत नाहीत. अशा जखमेवर बिब्बा? धडधाकट कातडीवर बिब्बा उतला तर काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा.

दहातले नऊ जातात, हा आकडा कुठून आणला देव जाणे. माझ्याकडे आहे तो 2012 साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनचा अभ्यास. तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींतून 313 रुग्ण शोधून त्यांची इतरांशी तुलना केली होती. या रुग्णांना मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. तिप्पट म्हणजे थोडाथोडका नव्हे, हे मी लपवत नाही. पण तिप्पट धोका वेगळा आणि वर्षभरात दहातले नऊ वेगळं. शिवाय हे रुग्ण बहुतेक उतारवयातले, आणि एक-तृतीयांश जणांना दुसरा मोठा आजार होता: आतड्याचा दाह, संधिवात किंवा रक्ताचे विकार. मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत तर असे रुग्ण निम्म्याहून जास्त सापडतात. माणूस दगावतो तो बरेचदा या सोबतच्या आजाराने, रक्ताच्या कॅन्सरने, हृदयाने किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याने. मग सगळा दोष सोबतच्या आजाराचा का? तसंही नाही. नुसता आतड्याचा दाह असलेल्यांशी तुलना केली तरी या रुग्णांचा धोका 72 टक्के जास्त होता. म्हणजे जखम किरकोळ समजू नये, पण ती शरीर खात खात हृदयापर्यंत पोचते हे चित्र निव्वळ भीती घालायला काढलेलं आहे.

राहिला स्टेरॉइडचा मुद्दा. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धा मार्क द्यावा लागतो, नाइलाज आहे. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. 2015 मध्ये ब्रिटनमध्येच 121 रुग्णांवर प्रेडनिसोलोन आणि सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारंच, पण स्टेरॉइड नसलेलं औषध) यांची तुलना झाली. सहा महिन्यांत जखम भरलेले दोन्हीकडे निम्म्याहून थोडे कमीच होते, आणि गंभीर दुष्परिणाम, त्यातही मुख्यतः जंतुसंसर्ग, प्रेडनिसोलोनवाल्यांत जास्त होते. तर हो, गोळीचा धोका खरा आहे. त्यावर डॉक्टरांना विचारायचं ते हे, की डोस कधी उतरवणार, दुसरं औषध चालेल का, साखर किती दिवसांनी बघायची.

गोळी एका झटक्यात तोडणं हा त्यावरचा इलाज नाही, तो नवा धोका आहे. स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे पोटात गेलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं जवळपास सोडून देतात. अशात बाहेरची गोळीही थांबली तर शरीराला दोन्हीकडून काहीच मिळत नाही. गळून गेल्यासारखं होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, शुद्ध हरपते, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर माणूस जातो. ‘स्टेरॉइडने मरतात’ असं ओरडणाऱ्याने नेमका स्टेरॉइड तोडून मरायचा रस्ता सांगितला आहे, आणि खाली लिहिलंय, ‘पुण्य मिळवा, पुढे पाठवा’.

वांग्याने काही होत नाही. साखर वाढली असेल तर भात-गोडावर लक्ष ठेवा, झालं.

मावशीच्या औषधांच्या डब्यावर मी एक कागद चिकटवला आहे. स्टेरॉइड चालू असताना ताप फार चढत नाही, आत जंतुसंसर्ग असला तरी. म्हणून अंगात कणकण, थंडी वाजणं, जखमेला नवा वास किंवा अचानक वाढलेला ठणका, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. समोर कुठलेही डॉक्टर असोत, आधी सांगायचं ते हेच की स्टेरॉइड चालू आहे आणि जखम कापू नका.