पोरांना सात दिवस, सरकारला मुदतच नाही

सात दिवस. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडले की सात दिवसांच्या आत कॉलेजची फी भरायची, असं हमीपत्र माझ्या धाकट्या भावाकडून लिहून घेतलंय. त्यात त्याला काही गैर वाटलं नाही, मलाही नाही. फीचे पैसे फीलाच गेले पाहिजेत. पण ज्या पैशांसाठी त्याला सात दिवस दिलेत, ते पैसे येणार कधी? त्याची हमी देणारी सही त्या कागदावर कुणाचीच नाही. हमी फक्त पोरानं द्यायची. डोकं फिरतं ते इथं.

मी बोलतेय ते अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबद्दल, आमच्याकडे जिला सरळ 'भारत सरकारची स्कॉलरशिप' म्हणतात. १९४४ पासूनची योजना आहे. मी स्वतः तिच्यावर शिकले, त्यामुळे तिची किंमत मला कुणी सांगायला नको. २०२१ मध्ये केंद्रानं नियम बदलले: ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. राज्यानं आपला वाटा आधी द्यायचा, मग केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येणार. बोगस विद्यार्थी दाखवून कॉलेजांनी शिष्यवृत्ती लाटल्याचे प्रकार महाराष्ट्रात उघड झाले होते, म्हणून पैसा थेट मुलांच्या हातात जावा हा विचार मला पटतो. पण झालं काय? पैसा तुकड्यांत येतो, एक तुकडा या महिन्यात तर दुसरा कधी ते देव जाणे, आणि मधल्या काळात कॉलेजचा अकाउंट सेक्शन पोराच्या मानगुटीवर. आधी कॉलेज सरकारशी भांडायचं, आता ते पोराशी भांडतं. माझ्या भावाच्या दुसऱ्या वर्षाचा एक हिस्सा तो तिसऱ्या वर्षाला असताना आला. तोवर रोज एकच प्रश्न, 'तुझी स्कॉलरशिप आली का रे?', आणि तोही चारचौघांत, सगळा वर्ग ऐकत असताना. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं यावर काय उत्तर द्यायचं? समाजकल्याणचं बिल त्यानं अडवलंय का? ट्रेझरीत त्याचा काका बसलाय का?

नियमात काय आहे तेही सांगते, कारण बहुतेक पालकांना हे कुणी सांगतच नाही. पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी फी आधी मागायची नाही, त्यासाठी फ्रीशिप कार्डाची, म्हणजे फी आधी न भरता प्रवेश मिळवून देणाऱ्या कार्डाची, तरतूद याच २०२१ च्या सूचनांमध्ये आहे. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढून सांगितलंय. आणि प्रत्यक्षात? हॉल तिकीट अडवतात. मार्कशीट अडवतात. टीसी मागायला गेलं की 'आधी नो ड्यूज आणा.' भावाच्या कॉलेजात मी अधिसूचनेची प्रिंट घेऊन गेले. क्लार्कनं ती न वाचता परत केली आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे मॅनेजमेंटचा नियम चालतो." एवढं बोलून तो पुढच्या मुलाकडे वळला. मी दोन शब्द जास्त बोलले की त्याचा त्रास मला नाही, प्रॅक्टिकलच्या मार्कांतून भावाला होईल, ही भीती खरी असते. म्हणून पालक गप्प बसतात. त्यांना हक्क कळत नाहीत असं अजिबात नाही. पोरगं कॉलेजच्या ताब्यात आहे, म्हणून ते गप्प बसतात.

आता अभ्यासातल्या प्रगतीच्या अटीकडे येते, कारण सगळ्यात जास्त संताप मला तिथंच येतो.

हजेरी ७५ टक्के पाहिजे. मुलगा पुढच्या वर्गात गेला पाहिजे. एकाच वर्गात पहिल्यांदा नापास झाला तर परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळतो, दुसऱ्यांदा झाला तर पुढच्या वर्गात जाईपर्यंत काहीच नाही. या अटी चूक आहेत असं मी म्हणत नाही. लोकांच्या करातून पैसा येतो, तो घेणाऱ्यानं शिकलं पाहिजे, वर्गात बसलं पाहिजे. पण शिकण्यासाठी जे द्यायचं ते वेळेवर न देता शिकलास का म्हणून जाब विचारायचा अधिकार यांना कुणी दिला?

इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा भत्ता वर्षाला १३,५०० रुपये, वसतिगृहात नसलेल्याचा ७,०००. वर्षाला! महिन्याचा हिशोब केला तर वसतिगृहातल्याला ११२५ रुपये. पुण्यात दोन वेळच्या मेसचेच महिन्याला तीन हजारांच्या आसपास जातात. बरं, हे ११२५ तरी महिन्याच्या महिन्याला येतात का? नाही. वर्ष संपत आल्यावर येतात, कधी संपल्यावर येतात. मग पोरगं काय करतं? कॉल सेंटरला रात्रपाळी धरतं, डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतं, लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जातं. रात्री दोनला झोपलेल्या पोराला सकाळी आठच्या लेक्चरला बायोमेट्रिकवर बोट ठेवता येत नाही. हजेरी घसरते. हजेरी घसरली की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, टर्म वर्क अडकतं, एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर राहतो, केटी लागते, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात जायचं. केट्या साचल्या की वायडी, म्हणजे 'इयर डाउन', अख्खं वर्ष वाया. आणि वायडी लागला की लगेच नियम दाखवतात, प्रगती समाधानकारक नाही म्हणून. भावाचा रूममेट परभणीकडचा, बारावीला तालुक्यात पहिला आलेला. तो असाच वायडी होऊन गावी बसलाय. तो आळशी होता म्हणून गेला, असं माझ्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

स्वाधार योजनेची तऱ्हाही तीच. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी पैसे द्यायचे म्हणून ही योजना आणली, बाबासाहेबांचं नाव दिलं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. अट काय, तर ठरावीक टक्के मार्क हवेत, दिव्यांग असेल तर थोडे कमी. ठीक आहे, मार्क आणले पोरांनी. पण खोलीचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं. मेसवाली मावशीसुद्धा महिना संपला की पैसे मागते, तिचंही पोट त्यावर आहे. वर्ष उलटून गेल्यावर साठ हजार खात्यात टाकले तर ते राहायला-जेवायला दिलेले पैसे राहत नाहीत. तोवर पप्पांनी सावकाराकडून तीन टक्क्यांनी काढलेलं असतं. तीन टक्के महिन्याला. सरकारच्या उशिराचं व्याज शेतमजूर भरतो, आणि त्या व्याजाचा हिशोब कोणत्याही फाइलीत लागत नाही.

बरं, मुलानं त्याच्या बाजूनं वेळ पाळायची म्हटलं तरी पाळता येईल का? रिन्युअलच्या फॉर्मला मागच्या वर्षाचं मार्कशीट लागतं, आणि विद्यापीठाचा निकालच लागलेला नसतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन् महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना पदावरून काढावं लागलं. ते प्रकरण मोठं होतं म्हणून पेपरात आलं. रिव्हॅल्युएशनचा निकाल लटकला म्हणून फॉर्म राहिला, असं होतं तेव्हा कोण छापतं? विद्यापीठाला उशीर झाला, कॉलेजच्या लॉगिनवर फॉर्म पडून राहिला, जिल्हा कार्यालयाला उशीर झाला, तर त्यातल्या कुणाचीही पगारवाढ थांबत नाही. मुलगा एक दिवस चुकला की पोर्टल बंद.

आणि ते महाडीबीटी पोर्टल, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची राज्य सरकारची साइट! ओटीपी येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा बारकोड टाकला की रेकॉर्ड सापडत नाही. रात्री जागून फॉर्म भरायचा, कारण दिवसा साइट हलत नाही. मग कॉलेजचा क्लार्क महिना-दीड महिना फॉर्म उघडतच नाही, आणि उघडला की 'सेंड बॅक'. कारण काय? 'डॉक्युमेंट नॉट क्लिअर.' कोणतं डॉक्युमेंट ते लिहीत नाहीत. अहो, दहा कागद जोडलेत, नेमका कुठला दिसत नाही ते सांगायला किती वेळ लागतो? त्यावर आधारचा घोळ वेगळा. बँक म्हणते खातं आधारला लिंक आहे. पण पैसे येतात ते एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांचे ऑनलाइन व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत आधारला जे खातं सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, तिथं. मोबाइलचं सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन कधीतरी एखादं खातं उघडून दिलेलं असतं, सीडिंग तिकडं गेलेलं असतं, आणि पोरगं जनधनच्या पासबुकावर एन्ट्री मारत बसतं. हे तपासून सांगणारा एक माणूस कॉलेजात नेमायला काय हरकत आहे? स्कॉलरशिप सेल म्हणून दारावर पाटी आहे, आत एक कॉम्प्युटर आहे आणि खुर्ची रिकामी आहे.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल तर बोलायलाच हवं. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख. २०१३ पासून अडीच लाख! या काळात गॅस, भाडं, एसटीचं तिकीट, सगळं कुठल्या कुठं गेलं. आई आणि वडील दोघं कंपनीत कंत्राटी कामगार असतील तर अडीच लाख सहज ओलांडतात. ओलांडले की महाराष्ट्रात फ्रीशिप मिळते, फी सुटते, पण निर्वाह भत्ता बंद. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला मर्यादा आठ लाख आहे. ती असावी, त्या मुलांच्या घरीही अडचण आहे, त्यांच्याशी माझं काहीच भांडण नाही. माझ्या मैत्रिणीची मुलगी त्याच योजनेत आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तरी तिच्या कॉलेजनं 'आत्ता भरा, सरकारकडून आले की परत देऊ' म्हणून प्रवेशालाच पैसे घेतले. म्हणजे जात कुठलीही असो, गरिबाच्या पोराला उभं करायचं ते खिडकीबाहेरच. पण आठ लाख तिकडे आणि अडीच लाख इकडे, यामागचं गणित मला कुणीतरी समजावून सांगावं.

वर ऐकायचं काय, तर 'फुकटचं शिकता.' हे प्राध्यापक बोलतात, क्लार्क बोलतात, वर्गातली मुलंसुद्धा बोलतात. फुकट? सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि बदल्यात नोकरीचा करार लिहून घेतला. १९१७ मध्ये तिची मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. पैसा थांबला की बाबासाहेबांसारख्या माणसाचंही शिक्षण अडतं, हे ज्या राज्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवतात, त्या राज्यात शिष्यवृत्ती वर्ष-वर्ष लटकवून ठेवताना कुणाचा हात थरथरत नाही? शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, कारण पोरगं आज जेवलं तरच आज शिकेल हे त्यांना कळत होतं. यांची नावं योजनांना द्यायची आणि पोरांना ऑक्टोबरच्या जेवणाचे पैसे पुढच्या जूनमध्ये द्यायचे, याची लाज वाटायला पाहिजे.

मला काय पाहिजे ते स्पष्ट सांगते. मुलाला सात दिवस, तर सरकारलाही तारीख. भत्ता दर महिन्याला, पगारासारखा. तारीख चुकली तर व्याज सरकारनं भरायचं आणि ते पोराच्या खात्यात टाकायचं. ज्या वर्षी भत्ता वेळेवर दिला नाही, त्या वर्षी हजेरीची आणि पास होण्याची अट त्या पोराला लावायची नाही. फॉर्म सेंड बॅक करणाऱ्यानं आपलं नाव आणि नेमकं कारण मराठीत लिहायचं. मार्कशीट अडवणाऱ्या कॉलेजवर पहिल्याच तक्रारीला कारवाई.

तोवर भावाला मी एकच सांगितलंय: तोंडी काही बोलायचं नाही, जे मागायचं ते लेखी मागायचं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, सही-शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मार्कशीट अडवलंय हे कॉलेजनं लेखी द्यावं असा अर्ज त्यानं काल दिला. क्लार्क घ्यायला तयार नव्हता, मग त्याच्या वर्गातली अकरा मुलं तोच अर्ज घेऊन खिडकीशी उभी राहिली. अर्ज घेतला गेला. सोमवारी आम्ही सगळे त्याची प्रत घेऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातोय. ज्यांची मार्कशीटं अशीच अडकलीत त्यांनी आपापल्या अर्जाची पोच घेऊन साडेदहाला त्या कार्यालयाच्या गेटपाशी यावं, मी तिथं असेन.